खळ्याचा उतार

कृष्णनाथ गावस याने बावीस वर्षं खाणीवर टिपर चालवला आणि त्या बावीस वर्षांत गाडी एकदाही गटारात घातली नाही. ही गोष्ट तो स्वतः कुणाला सांगायचा नाही, पण डिचोलीतल्या कुठल्याही जुन्या चालकाला विचारा, तो सांगेल. लाल चिखलात, भरलेली गाडी मागे घेत घेत न्यायची आणि कड्यापासून वीतभरावर थांबवायची, हा त्याच्या हातचा मळ होता. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर घरच्या खळ्यात, आडव्या ठेवलेल्या पेल्यात पांढरा चेंडू लोटत बसला, तेव्हा लाटंबार्से गावातल्या लोकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग एकमेकांकडे.

पण सुरुवातीपासून सांगायला हवं. खाणी बंद झाल्या तेव्हा कृष्णनाथ सत्तेचाळीस वर्षांचा होता. पहिलं वर्ष त्याने आज सुरू होतील, उद्या सुरू होतील म्हणत घालवलं. दुसऱ्या वर्षी काजूच्या बागेत लक्ष घातलं, पण काजूला वर्षातून चार महिने माणूस लागतो, उरलेले आठ महिने माणसाला काजू लागतो. तेवढ्यात कानावर आलं की मोपाच्या पलीकडे सड्यावर एक मोठं हॉटेल झालंय, त्याला गोल्फचं मैदान आहे, आणि तिथे बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या हाकायला माणसं हवीत. कृष्णनाथ स्कूटर काढून तासाभरात तिथे हजर झाला. गाड्यांच्या जागा भरल्या होत्या. पाहुण्यांच्या काठ्यांची बॅग वाहणाऱ्या कॅडी लोकांवर देखरेख करणारे परब मास्तर म्हणाले, "पाव्हण्यांची बॅग खांद्यार मारून चलशीत?" कृष्णनाथ हो म्हणाला. टिपरवाल्याला चालायचं काय भय!

पहिल्या दिवशी त्याने ते गवत पाहिलं आणि तो थक्क झाला. जन्मभर त्याने सडा पाहिला होता तो कातळाचा: पावसाळ्यात चार महिने हिरवा, मग आठ महिने काळाठिक्कर, अनवाणी चाललं तर पाय भाजेल असा. त्याच कातळावर कुणी माती आणून पसरली होती, आणि जिथे चेंडू घालायचं भोक असतं त्याभोवतीचं गवत तर इतकं बारीक कापलं होतं की त्यावर पाऊल टाकताना त्याला संकोच वाटला. ह्या जागेला ग्रीन म्हणतात, हे त्याला तिथे कळलं. दोन-दोनशे मीटर चेंडू भिरकावणारी दांडगी माणसं ह्या ग्रीनवर आली की एकदम हळू बोलायला लागत. पटर म्हणून एक वेगळी काठी बाहेर निघे. तिने चेंडू मारायचा नसतो, नुसता लोटायचा असतो. आणि ते लोटणं भल्याभल्यांना पाणी पाजी. एका पाहुण्याने दोन हातांवरून चेंडू चुकवला आणि तो भोकाकडे असा बघत राहिला की जणू ते भोकच जागेवरून सरकलं. त्या दिवशी कृष्णनाथला ह्या खेळाने धरलं ते धरलंच.

सहा वर्षं गेली. सोमवारी सकाळी मैदान पाहुण्यांना बंद असतं, तेव्हा कॅडींना खेळायला मिळतं. कृष्णनाथ तेवढ्यात शिकला. लांब मारणं त्याला कधी फारसं जमलं नाही, पण कुठल्या पाहुण्याला कुठली काठी द्यायची, कुणाला बोललेलं आवडतं आणि कुणाला नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. मात्र बावीस वर्षं क्लच दाबून दाबून डावा गुडघा आधीच झिजलेला, त्यात हे रोजचं चढणं-उतरणं. पावसाळा संपता संपता एका सकाळी चौदाव्या भोकापाशी तो बॅगेसकट खाली बसला आणि त्याला उठता येईना.

परब मास्तरांनी त्याला सावलीत नेलं. मास्तर मूळ पेडण्याचे, बोलायला रोखठोक, पण माणूस वाईट नाही. "कृष्णनाथ, तुजो गुडघो आता बॅग झेलूचो नाय," ते म्हणाले. "नाताळाक गर्दी येयत, तेव्हा मी तुका घेव शकणंय नाय. पण एक गजाल आसा. पोरांका आणि नवीन पाव्हण्यांका पटर शिकवूक एक माणूस व्हयो. बॅग नाय, चढ नाय, ग्रीनार उबो रवान शिकवूचां. तुमच्यातल्याच एकाक घेवचो आसा. पण परीक्षा घेवन."

परीक्षा साधी होती. डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी, मोठ्या ग्रीनवर दहा ठिकाणांहून दहा चेंडू. ज्याचे जास्त भोकात पडतील, जागा त्याची. दोघांचे सारखे पडले तर जो मैदानावर जुना त्याला. कॅडींत सगळ्यात जुना होता विठू, दोडामार्गचा, चाळिशीचा, हाताने हुशार आणि तोंडाने त्याहून. बरोबरी झाली तर विठू, हे म्हणजे ठरलंच होतं. कृष्णनाथला ही जागा मिळाली नाही तर नाताळापासून त्याला घरी बसायचं होतं. एकदा खाण सुटून घरी बसलेला माणूस पुन्हा घरी बसायला किती भितो, हे बसून पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

मुलगी तनया मोपाच्या विमानतळावर सामान घेण्याच्या खिडकीपाशी नोकरीला होती. रोज गोल्फच्या लांबोड्या पिशव्या घेऊन येणारे लोक ती बघे. त्यांच्यापैकीच एका म्हाताऱ्या बाईला तिने धीर करून विचारलं, की माझ्या बाबांना पटर घ्यायचा आहे, कुठला घेऊ? बाईने विमान सुटायची वेळ होईपर्यंत तिला सगळं समजावून सांगितलं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात तनयाने एक लांब खोका आणून बापापुढे ठेवला. "बाबा, उगडून बगा तरी."

आजवर कृष्णनाथकडे होता तो मैदानावरून बाद झालेला, पातळ पात्याचा, गंज चढलेला पटर. ह्या नव्याचं डोकं डब्याच्या झाकणाएवढं रुंद, त्यावर पाठीमागे जाणारी एक पांढरी रेघ, आणि मूठ इतकी मऊ की त्याने आधी हात धोतराला पुसले आणि मगच ती धरली. रुक्मिणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, पटराला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. घरात नवं हत्यार आलं की ते आधी पुजायचं, मग ते कोयती असो की गोल्फची काठी. तो दिवस कृष्णनाथने पटर जमिनीला टेकवलासुद्धा नाही.

रुक्मिणीचं खळं त्याच आठवड्यात तयार झालं होतं. खळं म्हणजे घरापुढचं अंगण, पण नुसतं अंगण नव्हे. पावसाने त्याची दरवर्षी वाट लावलेली असते. दिवाळीच्या आसपास ती जमीन वरवर खणायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, मग लाकडी चोपण्याने दिवसच्या दिवस चोपायची, आणि वरून शेणाने सारवायची. तुळशीच्या लग्नाआधी खळं झालंच पाहिजे. रुक्मिणीचं खळं असं व्हायचं की वर सांडलेले तीळ वेचून घ्यावेत. गावात दुसऱ्या बायकांची खळी तडकली तर त्या तिला बोलावून नेत. कृष्णनाथला ह्यात विशेष काही वाटत नसे. बायकोचं खळं चांगलं, आपलं ड्रायव्हिंग चांगलं, एवढीच त्याची समजूत.

सारवून सुकलेलं ते खळं बघितलं आणि त्याच्या डोक्यात वीज चमकली. ग्रीनसारखंच गुळगुळीत! चेंडू घरंगळतोही तेवढ्याच वेगाने. त्याने कुदळ आणली आणि तुळशीजवळ भोक पाडायला वाकला.

"खळ्यात भोक?" रुक्मिणी परसातून धावतच आली. "माज्या खळ्यात? तुमचां डोक्यां ठिकाणार आसा मां?"

शेवटी तुळशीच्या पायथ्याशी स्टीलचा पेला आडवा ठेवायचा, असा तह झाला. लोट्याच्या, म्हणजे ओसरीच्या, पायरीपाशी उभं राहायचं आणि दहा पावलांवरच्या त्या पेल्यात चेंडू घालायचा. कृष्णनाथ कामावरून चार वाजता येई, चहात उंडो, तो गोल पाव, बुडवून खाई आणि पटर हातात घेई. पहिल्या दिवशी पन्नासांतले अकरा गेले. आठवड्याने पंचवीस. पेल्यात चेंडू पडला की टण्ण असा आवाज होई, आणि शेजारच्या घरांतून पोरंबाळं, म्हातारे, कोण कोण कुंपणाशी येऊन उभे राहत. चौथ्या आठवड्यात त्याने लागोपाठ पन्नास चेंडू पेल्यात घातले. पन्नासाव्याला कुंपणावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कृष्णनाथला स्वतःच्या हातांचा अचंबा वाटला. आपल्याला हे येतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

परीक्षेला सात दिवस उरले होते. त्या सोमवारी तो नवा पटर घेऊन, जरा मिशीत हसतच, सरावाच्या ग्रीनवर गेला. तिथला एक तुकडा अगदी सपाट आहे. दहा पावलं मोजली, उभा राहिला, लोटला. चेंडू भोकाच्या उजवीकडून चार बोटांवरून गेला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. त्याने जागा बदलली, श्वास धरला, देवाचं नाव घेतलं. वीस चेंडू मारले आणि वीसच्या वीस उजवीकडे, चार बोटं, जणू कुणी दोरी लावून ओढून नेत होतं.

विठू बाजूला उभा होता. तो हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, पटर वाकडो तर नाय?"

कृष्णनाथ तसाच घरी आला. पटराला दोरी लावून बघितली, खिडकीच्या चौकटीला टेकवून बघितला, पाण्याने भरलेल्या ताटावर आडवा धरून बघितला. पटर सरळ होता. खळ्यात जाऊन लोटला तर टण्ण, चेंडू पेल्यात. पुन्हा टण्ण. पुन्हा टण्ण. आपल्याला वेड लागत चाललंय का, असं त्याला खरोखर वाटू लागलं. तनया फोनवर विचारत होती, "पटर बरो आसा मां बाबा?" त्याने सांगितलं, "एकदम बरो." आणि फोन ठेवल्यावर पुन्हा पटराला दोरी लावून बघितली.

गुरुवारी रुक्मिणीने खळं पुन्हा सारवलं. आठ दिवसांनी ती सारवायचीच. सारवण ओलं होतं, ती हात धुवायला विहिरीवर गेली होती. कृष्णनाथच्या मनात तेच ते घोळत होतं. आपण काय करतोय ह्याचं भानच त्याला राहिलं नाही. त्याने पायरीवरूनच वाकून पटर खाली टेकवला आणि चेंडू लोटला.

टण्ण.

आणि मग त्याला ती रेघ दिसली. ओल्या शेणावर चेंडूची बारीक वाट उमटली होती. पायरीपासून निघालेली, सरळ उजवीकडे, पेल्यापासून लांब जाणारी. अर्ध्या वाटेवर ती मंदपणे वळली होती आणि डावीकडे, घरापुढच्या माडाच्या दिशेने वाकत वाकत पेल्याच्या तोंडात शिरली होती. विळ्यासारखी बाकदार. महिनाभर तो जिला सरळ रेघ समजत होता, ती ही. पन्नासच्या पन्नास चेंडू असेच वळून गेले होते. डोळ्यांना ते एकदाही कळलं नाही. हातांना मात्र कळलं होतं, आणि हात आपले गुपचूप उजवीकडे लोटायला शिकले होते.

रुक्मिणी विहिरीवरून आली, तिने ती रेघ बघितली आणि तिचा पारा चढला. "आताच सारवलां मी! आताच!"

"रुक्मिण," तो म्हणाला, "खळ्याक उतार आसा?"

"आसतलो नाय तर काय?" ती अजून रागातच होती. "उंबऱ्यापासून माडाच्या मुळापर्यंत दोन बोटां. जास्त दिलो तर शेण धुवान जाता, कमी दिलो तर पाणी रवता. सासूबायनी शिकयलां माका."

"मोजतंस कसो?"

"मोजूचो कित्याक? पायांक कळता." आणि ती ओल्या खळ्याच्या कडेने अनवाणी चालत गेली, जिथे पटर टेकला होता ती जागा तळहाताने सारखी करून आली. बोलत बोलतच. "हंयसर पायरीकडे जरा उंच, मगे अर्ध्यार ढाळ, तुळशीकडे परत सारक्यां. तुळशीच्या मुळात पाणी जावक होयां, पण रवाक नाका."

कृष्णनाथ तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. मैदानावर पाहुण्यांना सरावाच्या ग्रीनचा ढाळ समजावून सांगायला परदेशातून माणूस आणला होता, तो हेच सांगे, पण यंत्र लावून, नकाशा काढून. इथे त्याची बायको बोटाबोटाचा उतार अंगात घेऊन एकतीस वर्षं त्याच्या घरात वावरत होती.

"एकतीस वर्सां मी हेच्यार चलतंय," तो म्हणाला. "कदी सांगलंस नाय ता?"

रुक्मिणीला ह्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "पाणी साचलां असतां तर दिसलां असतां तुमका," ती म्हणाली, आणि आत भात बघायला गेली.

हे वाक्य कृष्णनाथला कुठेतरी फार आत लागलं. त्या संध्याकाळी तो खळ्याच्या कडेने चपला काढून फिरला. पायांना काही म्हणजे काही कळलं नाही.

आता तीन दिवसांत हातांना जे लागलंय ते काढायचं कसं? तो पेल्याची जागा बदलून बघायला लागला, तर हात पार गोंधळले. कधी उजवीकडे, कधी डावीकडे. "माका बिनउताराचां खळां करून दी," असं त्याने रुक्मिणीला म्हणून बघितलं. ती ताडकन म्हणाली, "तसलां खळां मी करूचंय नाय. आणि करूक येणा नाय माका." शनिवारी मात्र तो जेवला नाही. तेव्हा ती त्याच्यासमोर येऊन बसली. त्याने तिला सगळं सांगितलं: गुडघा, परीक्षा, नाताळ. तिला फक्त परीक्षा माहीत होती. नाताळाचं त्याने लपवलं होतं. मग म्हणाला, "सोमवारी तू माज्यावांगडा थंय चल."

"मगे माजी काय गरज?" तिने विचारलं.

"खेळणाऱ्याक कॅडी घेवक मेळता," कृष्णनाथ म्हणाला. "नियम आसा. रेघ खंयची ता कॅडी सांगता. मी सहा वर्सां दुसऱ्यांचो कॅडी. सोमवारी तू माजी."

रुक्मिणी म्हणाली की भात वाळत घातलंय, कोंबड्या येतील. मग म्हणाली की लोक हसतील. मग उठली आणि भात राखायला शेजारणीला सांगून आली.

सोमवारी सकाळी मोठ्या ग्रीनभोवती तीसेक माणसं जमली होती. रुक्मिणीला पाहून खसखस पिकली. परब मास्तरांनी नियमांचं पुस्तक मागवलं, चष्मा लावून पानं उलटली, आणि म्हणाले, "कॅडी कोण असूचो ह्येचो नियम नाय. खेळणाऱ्यान ज्येका आणलो तो." कृष्णनाथने स्वतःच्या नंबराचं कॅडीचं जॅकेट तिच्या नऊवारीवर चढवलं, बंद बांधले.

तिने चपला ग्रीनबाहेर काढल्या आणि गवतावर पाऊल ठेवलं. एक क्षण ती थांबली. मग खाली वाकून ते गवत हाताने थोपटायला गेली. कृष्णनाथने तिचा हात वरच्यावर धरला. "हात लावूक नाका, नियम आसा. पायान चल." ती चालली. घाई नाही, लाज नाही. ग्रीनच्या कडेने पूर्ण फेरी मारली, दोनदा थांबली, एकदा मागे गेली. मग नवऱ्याजवळ येऊन विचारलं, "पावसाचां पाणी हंयसून भायर खंय पडता?"

कृष्णनाथ सहा पावसाळे तिथे होता. त्याने कधी बघितलंच नव्हतं.

परीक्षेला उभे राहिले होते दोघेच. विठू आधी खेळला. झकास खेळला, दहातले सहा घातले. शेवटचा, दहावा, त्याचाही चुकला. त्या दहाव्या जागेची ख्यातीच तशी होती. ग्रीनच्या वरच्या कोपऱ्यातून पंधरा पावलांचं अंतर, डाव्या अंगाला मोठा उंचवटा. चेंडू डावीकडे लोटायचा, म्हणजे तो उंचवट्यावरून उजवीकडे वळून भोकात येईल, असं सगळे सांगत. कृष्णनाथनेही शेकडो पाहुण्यांना तेच सांगितलं होतं. चेंडू डावीकडेच राहायचा. पाहुणे स्वतःला दोष द्यायचे, आणि कृष्णनाथ त्यांचं सांत्वन करायचा.

मग तो उभा राहिला. पहिला चेंडू हातांच्या जुन्या खोडीने उजवीकडे गेला. रुक्मिणी म्हणाली, "भोक बगूच नका. मी पायान दाखयतंय थंयच लोटा." भोकापलीकडे, रेघेच्या बाहेर राहून ती पायाच्या अंगठ्याने हवेत जागा दाखवायची आणि बाजूला व्हायची. तो त्या जागेकडे लोटायचा. दुसरा पडला. तिसरा पडला. चौथा भोकाच्या काठावर थांबला. पाचवा, सहावा, सातवा पडले. लोकांची खसखस थांबली. आठवा चुकला, नववा पडला. सहा झाले. विठूचे सहा. बरोबरी म्हणजे विठू. दहावा पडलाच पाहिजे होता.

दहाव्या जागी रुक्मिणी बराच वेळ फिरली. उंचवट्यावर गेली, खाली आली, डोळे मिटून उभी राहिली. मग म्हणाली, "उजवेकडे. भोकापासून तीन पावलां उजवेकडे."

कृष्णनाथला वाटलं ती चुकली. "अगो, उंच डावेकडे आसा. चेंडू तकडसून हकडे येतलो."

"तो उंचवटो बगूकच आसा," ती म्हणाली. "पाणी थंयसून येणाच नाय. मातयेखालसून सगळो उतार त्या उंचवट्याच्या मुळाक जाता. उजवेकडे."

त्याच्या डोळ्यांना जे दिसत होतं ते स्वच्छ दिसत होतं. सहा वर्षांची त्याची विद्या डावीकडे बोट दाखवत होती. टिपर मागे घेताना त्याने जन्मात कुणाच्या हाताच्या इशाऱ्यावर विश्वास ठेवला नव्हता, स्वतःच्या नजरेवर ठेवला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती भोकाकडेही बघत नव्हती, त्याच्याकडेही नाही. आपल्या पायांकडे बघत उभी होती.

त्याने उजवीकडे लोटला.

"गेलो," कुणीतरी म्हणालं. चेंडू भोकाकडे पाठ फिरवून निघाला होता. विठूने डोक्याला हात लावला. चेंडू उजवीकडे गेला, आणखी गेला, हळू झाला, आता थांबणार इतका हळू, आणि मग कुणी हाक मारावी तसा तो वळला. उंचवट्याकडे. चढाकडे, असं सगळ्यांना दिसत होतं. तीस माणसं डोळ्यांनी पाहत होती की चेंडू चढावर चाललाय, आणि तो आपला वेग घेत उतरत होता. कृष्णनाथच्या अंगावर सरसरून काटा आला. ती जमीन पहिल्यांदाच त्याला खरी दिसत होती, वरच्या हिरव्या सोंगाखालची. चेंडू वाकत वाकत आला आणि भोकात पडला.

सगळ्यांत आधी विठू ओरडला. त्याने कृष्णनाथला मिठी मारून उचलला, गुडघ्याची आठवण होऊन पटकन खाली ठेवला. परब मास्तर आले, हात पुढे केला. "जागा तुजी. येत्या सोमवारी पोरां येतली, तयारी ठेव."

कृष्णनाथने तो हात धरला, पण सोडला नाही. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. "मास्तर, हात कसो धरूचो ता मी शिकयन पोरांका," तो म्हणाला. "पण जमीन वाचूक माका येणा नाय. तुमकाय येणा नाय. ती विद्या हिच्याकडे आसा."

एखाद्याला वाटलं असेल, आता मास्तर भडकणार. मास्तर त्या उंचवट्याकडे बघत होते, मग भोकाकडे, मग रुक्मिणीच्या मातकट पायांकडे. अठरा वर्षं ते ह्या खेळात होते. जाडजूड शरीर सावरत ते ग्रीनच्या कडेला खाली बसले, आणि लोकांसमक्ष बुटांच्या नाड्या सोडायला लागले. बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले.

"वयनी," त्यांनी विचारलं, "मी खंयसर उबो रवू?"